लिम आंटींचं दोंगझी

लिम आंटी आमच्या दाराची बेल कधीच वाजवत नसत. लोखंडी जाळीवर चमचा आपटत. "बेल वाजवणारा माणूस काहीतरी विकायला येतो," असं त्यांचं म्हणणं. आम्ही पुण्याहून सिंगापुरात येऊन बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहू लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात जाळी खणखणली. बाहेर साठीच्या, ठेंगण्या चिनी बाई उभ्या होत्या, हातात चिरलेली पपई. त्यांचं इंग्रजी मोडकं, पण त्यामुळे काही अडत नसे. मी आभार मानू लागले, तर म्हणाल्या, "आधी खा, मग बोल ला!" वाक्याला असा "ला" जोडायची तिथली सवयच.

त्या डिसेंबरात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. दोंगझीचा सण होता. वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र. तिच्यानंतर दिवस वाढू लागतो, म्हणून त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. सिंगापुरात कसली थंडी! पंख्याखाली घामाघूम होऊन आम्ही चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळत होतो, काही पांढऱ्या, काही गुलाबी. उकडून आल्याच्या गोड पाण्यात सोडल्या की झालं तांगयुआन. मोदकांना सरावलेला माझा हात पाहून त्या खूश झाल्या. "हे खाल्लं की माणूस एका वर्षानं मोठा होतो. शहाणा होतो की नाही, ते मला विचारू नकोस."

आधी पूर्वजांच्या फोटोंपुढे वाडगे ठेवून त्यांनी उदबत्त्या लावल्या. मग नवऱ्याला वाढलं. अंकल निवृत्त बसड्रायव्हर, अबोल. टीव्हीकडे बघत खात राहिले. आंटींनी मला मागे ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझा स्टीलचा डबा आण. चोआ चू कांगला जाशील?"

तिथे त्यांचा एकुलता एक मुलगा राहत होता, आ सेंग. त्यानं कमला नावाच्या तमिळ मुलीशी लग्न केलं, तेव्हा अंकलनी त्याला घराबाहेर काढलं होतं. त्याचं नावसुद्धा घरात काढायचं नाही. एरवी आंटी बाजाराच्या निमित्तानं त्याला भेटून येत. पण दोंगझीला नवऱ्याला एकटं टाकून कशा जाणार?

मी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, डबा घेऊन गेले. आ सेंगनं दार उघडलं, झाकण उघडून पाहिलं आणि तसाच उभा राहिला. शेवटी कमलानंच डबा त्याच्या हातातून घेतला.

मग दर वर्षी मीच जाऊ लागले. एका वर्षी डबा घेऊन लिफ्टपाशी उभी होते, तर मागे अंकल. ते डब्याकडे बघत म्हणाले, "पाणी वेगळं नेत जा. पोचेपर्यंत गोळ्या फुगतात." आणि वळून घरात गेले.

परत आल्याबरोबर मी आंटींना गाठून हे सांगितलं. त्या मटकन खुर्चीवर बसल्या. "म्हणजे माहीत आहे? मग बोलत का नाही हा माणूस?" बराच वेळ त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "आज नको. एकदम बोलावलं तर हा पुन्हा अडून बसेल. पुढच्या दोंगझीला सेंगला सरळ घरी जेवायला बोलावते. बघू, उठून जातो का!"

ऑगस्टमध्ये अंकलना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. आ सेंग हॉस्पिटलमध्ये धावत आला, वडिलांचा हात धरून बसला. अंकलनी हात काढून घेतला नाही. पण ओळखलं म्हणून काढला नाही, की हातात जोरच उरला नव्हता, हे कोणाला कळणार? त्याच आठवड्यात ते गेले.

डिसेंबरात आंटींनी मला पुन्हा बोलावलं. या खेपेला गोळ्या सगळ्या पांढऱ्या. "घरात मरण झालंय. यंदा लाल रंग नाही," त्या म्हणाल्या. आ सेंग आला, कमला आली, त्यांची छोटी मुलगी आली. आजोबांचं घर ती पहिल्यांदाच बघत होती. टेबलाभोवती खुर्च्या पुरेनात, म्हणून मी आमच्या घरून आणल्या.

आंटींनी पहिला वाडगा अंकलच्या फोटोपुढे ठेवला. उदबत्ती लावली. नंतर आपल्या होक्किएन भाषेत फोटोशी बोलू लागल्या. आधी हळू, मग आवाज चढत गेला. सगळे खाली बघत होते.

"प्रार्थना करतायत का?" मी आ सेंगला हळूच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "रागावतेय त्यांना. चार महिने थांबता आलं नाही का, असं विचारतेय."