सखुबाईच्या नावाचा पंखा

दत्तूबाबा साळवे यांनी बायकोच्या स्मरणार्थ आमच्या चर्चला आजवर तीन पंखे दिले. त्यांतला एकही चर्चमध्ये नाही, आणि याला ते स्वतः सोडून दुसरं कुणीही जबाबदार नाही.

बाबा आमच्याच गल्लीत राहतात, सुरतेतल्या गोडादऱ्यात. मूळचे जालन्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात फिटर झाले आणि तिथल्या खडखडाटात कान गमावून निवृत्त झाले. ऐकू कमी येत असल्यामुळे बाबा जे हळू बोलतात ते सगळ्या गल्लीला कळतं. त्यांची एकांतातली प्रार्थनाही त्याला अपवाद नाही. गल्लीतली खानदेशी मंडळी ख्रिस्ती नाहीत, पण बाबांच्या 'आमेन'ची वाट तीही बघतात, कारण त्यानंतरच टीव्ही नीट ऐकू येतो.

सात वर्षांपूर्वी त्यांची बायको सखुबाई वारली. मातीहून परत येताना बाबांनी पाळकसाहेबांना शब्द दिला, नवं चर्च झालं की तिच्या नावाचा पंखा मी देणार. तेव्हा आमचं चर्च म्हणजे चार भिंती आणि वर ताडपत्री. पाळकसाहेब म्हणाले, नाताळापर्यंत स्लॅब पडेल. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हेत. कुठल्या नाताळापर्यंत, एवढंच सांगायचं राहून गेलं.

बाबांना धीर कसला. त्यांनी लगेच पंखा आणला आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पांडुरंगकडून त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालून घेतलं. एकावर 'ख्रिस्तवासी सखुबाई', दुसऱ्यावर 'दत्तू साळवे', तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'.

पांडुरंग म्हणाला, "बाबा, पंखा फिरायला लागल्यावर हे वाचणार कोण?"

"आमच्याकडं प्रार्थनेच्या टायमाला पंखे बंद करतात. आवाज होतो म्हणून. तव्हा वाचतील."

"प्रार्थनेला तर तुम्ही सगळे डोळे मिटता."

बाबांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं नाही असं त्यांनी ठरवलं.

पंखा खोक्यात, खोकं खाटेखाली, आणि वर स्लॅबचा पत्ता नाही. तेवढ्यात उन्हाळा आला. समोरच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत कुंदन आणि रंजना हे धुळ्याकडचं जोडपं नुकतंच राहायला आलं होतं. त्यांची तान्ही मुलगी घामोळ्यांनी दिवसभर रडायची. बहिऱ्या माणसाला ते रडणं ऐकू यायला नको होतं, पण नेमकं तेच यायचं. एका दुपारी बाबांची प्रार्थना आम्ही सगळ्यांनी ऐकली. "प्रभू येशू, तुझ्या घराला अजून छत नाही. या लेकराच्या घराला आहे, पण ते नसतं तर बरं झालं असतं. आता काय करावं ते तूच सांग." देवाने काय सांगितलं ते कळायला मार्ग नाही. संध्याकाळी पंखा कुंदनच्या खोलीत लागला होता.

"देत नाहीये, ठेवायला देतोय," बाबांनी बजावलं. "चर्च झालं की काढून नेईन."

पुढे दुसरा पंखा आणला. पांडुरंगने पुन्हा तीच अक्षरं काढली. तो गेला प्रमिलाबाईंकडे. त्या घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करतात आणि त्यांचा जुना पंखा जळाला होता. तिसरा गेला योगराजच्या खोलीत. तो लूमवर रातपाळी करतो आणि भर दुपारी पत्र्याखाली झोपतो. त्याच खाटेवर रात्री दिवसपाळीचा माणूस झोपतो, त्यामुळे तो पंखा बिचारा कधी थांबतच नाही. प्रत्येक वेळी बाबांचं वाक्य तेच, ठेवायला देतोय. सगळ्यांनी ते मान्यही केलं. दिलेलं परत नेऊ म्हणणारा आणि परत न्यायला न येणारा माणूस कुणाला आवडत नाही?

यंदा मात्र गंमत झाली. चर्च खरोखरच बांधून झालं. पाळकसाहेबांनाही नवल वाटलं असावं. समर्पणाची उपासना मे महिन्यातल्या एका रविवारी ठरली. छताला चार पंख्यांचे हूक होते, तीन भरले होते. चौथा बाबांसाठी राखून ठेवला होता.

"पण शनिवारपर्यंत, दत्तूबाबा," पाळकसाहेब म्हणाले. "नाहीतर बन्सीलालभाऊ त्यांच्या वडिलांच्या नावाचा द्यायला तयार आहेत."

बाबांचा चेहरा उतरला. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या खर्चामुळे या वर्षी नवा पंखा घेणं जमणार नव्हतं. मुलगा महेश इच्छापोरहून फोनवर म्हणाला, मी उद्याच पाठवतो. बाबांनी ते साफ धुडकावलं. "तुझ्या आईसाठी तू काहीबी दे. पण शब्द मी दिलेला आहे." त्यांना मनापासून वाटत होतं, की तो चौथा हूक गेला तर सखुबाईचं नाव या जगात कुठेच उरणार नाही. ते तसं बोलले नाहीत. देवाशी बोलले, म्हणजे आम्हा सगळ्यांना कळलं.

शनिवारी सकाळी ते माझ्या दारात आले. "वर्षा, तुझं स्टूल दे. आणि तूबी चल, धरायला कुणीतरी लागंल. एक पंखा परत आणायचाय."

मी गेले. खरं सांगते, तमाशा बघायला गेले.

प्रमिलाबाई साड्यांच्या ढिगात बसल्या होत्या. बाबांनी पंख्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रेग्युलेटर चालतो ना नीट?" चालतो म्हटल्यावर आम्ही बाहेर पडलो. योगराज तोंड उघडं टाकून झोपला होता. बाबा दारातूनच मागे फिरले आणि कुजबुजत म्हणाले, "झोपू दे, दमलाय." त्या कुजबुजण्याने योगराज दचकून उठून बसला.

राहिली कुंदनची खोली. तिथे बाबांनी डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं. कुंदन लगेच म्हणाला, "बाबा, तुमचाच आहे. न्या की. टेबलफॅन बघतो मी एखादा." मी स्टूल ठेवलं, बाबा वर चढले. रंजनाने मुलीला हाक मारली. "हर्षदा, सखुबाईले बंद कर."

बाबा स्टुलावर तसेच थांबले. "काय म्हणली ही?"

रंजना लाजली. मग मोठ्याने म्हणाली, "बाबा, आम्ही पंखा म्हनतच नही. सखुबाई लाव, सखुबाई बंद कर, सखुबाई आज आवाज करस. प्रमिलामावशीबी तसंच म्हनस."

पंखा हळूहळू थांबला. गुजराती शाळेत जाणाऱ्या हर्षदाला मराठी वाचता येतं ते या तीन पात्यांपुरतं. तिने बोट वर केलं आणि समोर जे पातं आलं तिथून सुरुवात केली. "दत्तू साळवे यांच्या स्मरणार्थ." जिवंत माणसाला स्टुलावर उभं करून तिने प्रभूकडे पोचवलं. कुंदनने कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना.

बाबा मात्र हसले नाहीत. ते खाली उतरून स्टुलावरच बसले. रंजना त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, कशी व्हती हो ती? रोज नाव लेतस आम्ही, पन कधी देखेल नही."

सात वर्षांत बाबांना हे कुणी विचारलं नव्हतं. चर्चमध्ये सगळे सखुबाईला ओळखत होते, त्यामुळे तिच्याबद्दल विचारायची कुणाला गरजच पडली नाही. बाबा बोलायला लागले. चर्चमध्ये ती सगळ्यांत मोठ्याने गायची आणि सगळ्यांत बेसूर. रोज सकाळी डबा भरला की भाकरीवर हात ठेवून देवाचे आभार मानायची. एकदा आभार इतके लांबले की डबा द्यायचाच राहिला. "मी दिवसभर लूमवर उपाशी, अन् घरी आल्यावर हिचं सुरूच, देवा तू आम्हाला पोटभर दिलंस." सांगताना बाबा हसत होते आणि डोळे पुसत होते. रंजनाही डोळे पुसत होती. कुंदनने आणलेला चहा गार झाला.

कुंदनने विचारलं, "मग काढू का पंखा?"

"नको." बाबा माझ्याकडे वळले. "वर्षा, बन्सीलालला सांग, तुझ्या वडिलांचा लाव म्हणावं."

त्यांच्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही त्यांच्या तोंडून 'महेशची आई' ऐकलं होतं, नाहीतर नुसतं 'अगं'. प्रार्थनेतसुद्धा महेशची आईच. त्या दिवशी त्यांनी हर्षदाच्या कपाळावरचा घाम आपल्या हाताने पुसला आणि म्हणाले, "लाव पोरी, सखुबाईला लाव."