दुसऱ्या बाजूचं माणूस

ताईंना कोणी ‘मॅडम’ म्हटलेलं खपायचं नाही. “मॅडम खुर्चीत बसतात, मी अजून उभी आहे,” असं त्या ठणकावून सांगायच्या. खरं बघितलं तर अलीकडे त्याही बऱ्यापैकी बसायच्या, पण म्हणायला काय जातं?

अपंग माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत ताई मदतनीस म्हणून लागल्या, तेव्हा त्यांच्या वेणीत पांढरा केस औषधाला नव्हता. आंघोळी घालणं, भरवणं, कूस बदलणं, चादरी पिळणं, सगळं त्यांनी केलं. एकटीनं उचलता उचलता एकदा कंबरच धरली आणि त्या अंथरुणाला खिळल्या. बऱ्या होऊन आल्या त्या एक नियम घेऊनच. माणूस एकट्यानं उचलायचं नाही. एकानं काखेतून धरायचं, दुसऱ्यानं गुडघ्यांखालून. कोणी नवीन कामाला लागलं की ताई स्वतः खाटेवर आडव्या व्हायच्या आणि ओरडायच्या, “उचला मला! आणि पाडलंत तर याद राखा!”

पुढे त्या देखरेखीला बसल्या, कमरेला किल्ल्या आल्या. इकडे माणसं मात्र एकेक करून सोडून गेली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. एका खोलीला एकच मदतनीस उरला, त्याला आपली खोली सोडून हलता येईना. संचालकांना सगळे ‘सर’ म्हणायचे. त्यांच्याकडे कोणी गाऱ्हाणं नेलं की सर डोळे मिटून म्हणायचे, “ही नोकरी नाही, सेवा आहे. सेवा करणाऱ्याला काही जड वाटत नसतं.” आता यावर बोलणार काय, कप्पाळ? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! नियम तेवढा भिंतीवर चिकटवलेला राहिला.

पुरुषांच्या खोलीत होता पैलवान. अंगानं नुसती काडी, म्हणून तर हे नाव. त्याच्याकडे राजे होते. राजांचे दोन्ही पाय आणि एक हात जन्मापासून कामाचे नव्हते, बोलणं अडखळत, पण चाकाच्या खुर्चीत असे ऐटीत बसायचे की समोरच्यानं मुजराच करावा. वजनही राजाला शोभेल असं. रोज सकाळ-संध्याकाळ ते आपला चांगला हात वर करायचे, पैलवान खाली वाकायचा, हात त्याच्या गळ्यात पडायचा आणि राजे हुकूम सोडायचे, “स्वारी... निघाली!” मग दोघंही खो खो हसायचे. पैलवान हसता हसता दात आवळायचा, ते ताईंना दिसायचं.

उचलायचं यंत्र नव्हतं असं नाही हं! कोणी तरी मोठ्या मनानं दिलेलं, पट्ट्याचं, झोळीचं, चांगलं नवंकोरं यंत्र होतं. सरांनी ते चादरीखाली झाकून, कुलपात ठेवलं होतं. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? देणगी देणारे पाहुणे आले की ते बाहेर निघायचं.

पाहुण्यांची पुढची फेरी जवळ आली होती, तेव्हा पैलवान डॉक्टरांकडून आला तो हसतच.

“डॉक्टर म्हणाले, अजून असंच उचलत राहिलास तर राजांच्या शेजारची खाट तुझी.”

ताईंना हसू आलं नाही. त्यांना स्वतःची कंबर आठवली.

“पाहुणे येताहेत ना? त्यांच्या तोंडावर सांगते,” त्या म्हणाल्या. “सरांना काय वाटायचं ते वाटो. प्रत्येक खोलीत दुसरं माणूस मागूनच घेते.”

“नक्की, ताई?”

“माझा शब्द आहे.”

बिचारा खूश होऊन घरी गेला आणि बायकोलाही सांगून बसला.

पाहुणे आले. यंत्र पुसूनबिसून खोलीत उभं केलं. दुसरं माणूस दाखवायला हवं ना, म्हणून स्वयंपाकाच्या मावशींना मदतनिसाचा झगा चढवला. त्याची बटणंही लागेनात. त्या पोट आत ओढून राजांच्या पायाशी उभ्या राहिल्या. सरांनी मान डोलावली, तशी पैलवानानं झोळी राजांच्या पाठीमागे सरकवली.

राजांना त्या झोळीत आजवर कोणी कधी घातलं नव्हतं. ते बिथरले. “न... नको!” म्हणाले आणि रोजच्यासारखा हात वर केला. आणि पैलवान? तो रोजच्यासारखा वाकला! सवय कुठे विचार करते? हात गळ्यात पडला, राजे गरजले, “स्वारी निघाली!” आणि काडीएवढ्या माणसानं त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. मावशी नुसत्याच हात पुढे करून राहिल्या.

आता सगळं उघडं पडलं, असं ताईंना वाटलं. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या!

“किती माया! यंत्रसुद्धा नको म्हणतो बघा,” एक पाहुण्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी ताईंचे दोन्ही हात हातात घेतले. “ही माणसं तुम्ही घडवलीत. धन्य आहे तुमची. आणखी काही लागतं का इथे? अगदी मोकळेपणानं सांगा.”

यापेक्षा सरळ कोणी विचारेल का हो? सर छताकडे बघत होते. पैलवान खाटेचा दांडा धरून उभा होता, तोंड पांढरंफटक, आणि तो ताईंकडेच बघत होता. शब्द अगदी ओठावर आले होते. पण इतक्या वर्षांत ताईंचे हात असे कोणी हातात घेतले नव्हते.

“नाही हो, सगळं आहे,” ताई म्हणाल्या. “आमच्या माणसांना काही जड वाटतच नाही.”

सरांचंच वाक्य, आणि आपल्या तोंडून! ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैलवानानं मान खाली घातली. फोटोसाठी पैलवानानं राजांना परत उचलून खुर्चीत बसवलं. फोटो निघाला, त्यातही ताई हसल्या.

गाडी वळली तशी सरांनी यंत्रावर चादर घातली, कुलूप लावलं आणि घरी गेले. मावशी झगा फेकून चुलीकडे पळाल्या, आणि भांडी आवरून त्याही गेल्या. पैलवान चादरींच्या खोलीत जमिनीवर पालथा पडला होता. त्याला उठता येईना. ताई दारात आल्या.

“कार्यक्रम छान झाला ना, ताई?” त्यानं विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

निरोप मिळताच त्याची बायको रिक्षा घेऊन आली. नवऱ्याशेजारी उकिडवी बसली, त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मग ताईंकडे वळली.

“दुसऱ्या बाजूनं धरता का? एकट्यानं माणूस उचलायचं नाही म्हणे. तुम्हीच शिकवलंत ना यांना? घरी फार कौतुकानं सांगतात.”

ताईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्या मुकाट्यानं वाकल्या. तो काडीसारखा माणूस इतका जड लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्याचा हात त्यांच्या गळ्यात पडला. दुखण्यानं डोळ्यांत पाणी आलेलं, तरी त्यानं बायकोला हसवायला म्हटलं, “स्वारी निघाली.” बायको हसली. ताई खाली बघत चालत राहिल्या.

रिक्षा गेली. ताई परत आल्या तेव्हा राजे संध्याकाळच्या वेळेला असायचे तसे खुर्चीत तयार बसले होते. त्यांनी ताईंकडे पाहून चांगला हात वर केला.

ताईंनी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या बाजूनं धरायला कोणी नव्हतं.