पिवळा सोडायचा नाही

माझी वहिनी गावी असताना कुणाला भीक घालायची नाही. परसात साप निघाला की शेजारचे पुरुष काठी शोधत फिरायचे, तोवर ही त्याला पाटीखाली झाकून हात धुऊन मोकळी. मग दादाला या शहरात क्रेन चालवायचं काम मिळालं, आम्ही सगळे इथे आलो, आणि तीच बाई रस्ता ओलांडताना माझं मनगट असं आवळायला लागली की वळ उठायचे. मी तिची नणंद. मला हसायचा हक्क आहे, आणि मी तो पुरेपूर वापरला.

वहिनी कपडे शिवायच्या कारखान्यात कॉलरी लावते. सुट्टी गुरुवारची. तिच्या मुलांच्या शाळा सुट्टीमुळे बंद होत्या, मीही दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून लवकर निघायचे आणि आम्ही तळ्याकाठच्या बागेत जायचो. आठ वर्षांचा ढब्बू आणि चार वर्षांची चिमी घसरगुंडीवर, बदकांमागे, हिरवळीवर नुसती उधळायची. आमची सहल असायची आणि वहिनीचा पहारा. ती कधी बसायचीच नाही. डोळ्यांत तेल घालून उभी.

"अगं, जरा टेक की," मी म्हणायचे.

"इथे कुणी कुणाला ओळखत नाही," ती म्हणायची. "गावी पोर चुकली तर कुणीही घरी आणून सोडेल. इथे कोण आणणार?"

मग मी डबा उघडायचे.

शेवटी तिने स्वतःच एक तोड काढली. कारखान्यात हळदीसारख्या पिवळ्या कापडाचं मोठं काम आलं होतं. उरलेले तुकडे कटिंग मास्तरने बायकांना वाटले. त्यातून तिने दोन्ही मुलांना सदरे शिवले. असा रंग की आंधळ्यालाही दिसावा. मुलांना रोज पढवलं, "बागेत इकडेतिकडे झालात तर पिवळा शोधायचा. पिवळा सोडायचा नाही." चिमीने ते पाठच करून टाकलं.

कारखान्यात कॉलर लावणाऱ्या बाईला तो कपडा कुणाच्या अंगावर जाणार, हे कुणी सांगत नाही. तीही विचारत नाही. पुढच्या गुरुवारी आम्हाला ते कळलं.

मी नळावर बाटली भरत होते. वहिनी ढब्बूच्या चपलेचा तुटलेला पट्टा बघायला खाली वाकली होती. टेकाडावरून कसल्याशा सुट्टीच्या शिबिराची मुलं आरडाओरडा करत उतरली आणि बघता बघता सगळी हिरवळ पिवळी झाली. तोच रंग, तोच सदरा. वहिनीने मान वर केली तेव्हा चिमी कुठे आहे ते सांगता येत नव्हतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा. मी तळ्याकडे धावले, कारण पहिला वाईट विचार तोच आला. पाण्यात काही नव्हतं, बदकं होती. मागे वळून पाहिलं तर वहिनी एकेका पोराला खांद्याला धरून वळवत होती आणि सोडत होती. मुलं बिचकून बाजूला होत होती. प्रत्येक गळ्याला तिच्याच हातची कॉलर होती आणि एकही चेहरा चिमीचा नव्हता.

"ती बस!" ढब्बू ओरडला.

फाटकाबाहेर 'प्राणिसंग्रहालय सहल' असा फलक लावलेली शिबिराची पहिली बस भरून निघाली होती. रस्ता ओलांडायला घाबरणारी माझी वहिनी सरळ बसपुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि तोंडाला येईल ते बोलला. तिला काही ऐकू गेलं नसावं. दार उघडलं तशी ती आत चढली, मागोमाग आम्ही.

चिमी मागच्या बाकावर होती. शेजारी तिच्याएवढीच एक मुलगी, दोघींची बोटं एकमेकींत अडकलेली. चिमी कुणीतरी दिलेलं बिस्कीट खात होती. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

वहिनीने तिला उचलायला हात पुढे केले, तर शिबिराच्या बाई मध्ये आल्या. त्यांचंही बरोबरच होतं. घामाने थबथबलेली, केस सुटलेली अनोळखी बाई. कुणाच्याही हाती पोर कशी देणार?

बाई खाली वाकल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, ही तुझी आई का?"

चिमीने वहिनीकडे पाहिलं. मग शेजारच्या मुलीकडे.

"नाही," ती म्हणाली.

वहिनीचा चेहरा मला बघवेना. मी काही बोलणार तेवढ्यात ढब्बूने सूर लावला, "खोटारडी! ही बस वाघ बघायला चाललीय, म्हणून नाही म्हणते! चिमे, उतर, नाहीतर तुझं दूध आजपासून मीच पिणार!"

"नको! आई, बघ ना हा!" चिमीने भोकाड पसरलं. सगळी बस हसली, बाईही हसल्या, आणि पोर आमच्या ताब्यात आली. त्या दोघींची बोटं मात्र एकेक करून सोडवावी लागली.

आम्ही बसथांब्याकडे चालू लागलो.

"अगं, चार वर्षांची आहे," मी म्हटलं. "वाघासाठी बोलली."

"कळतंय मला," वहिनी म्हणाली. "ती सापडत नव्हती तेव्हा मी घाबरलेच. पण 'नाही' म्हणाली ना, तेव्हा जास्त घाबरले. तिला या शहराची भीतीच वाटत नाही गं."

चिमी तिच्या कडेवर होती. बस केव्हाच वळणाआड गेली होती, तरी ती आईच्या खांद्यावरून मागे बघत हात हलवत होती.