सप्लायवरचं स्टिकर

लातूरच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं मला फसवलं. कंपनीचा म्हणून त्यानं मला कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जो पॉवर सप्लाय दिला, तो कंपनीचा नव्हता. साध्या पत्र्याच्या डब्यावर कंपनीचं स्टिकर चिकटवलेलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी नशिबाला बोल लावतोय. नशिबाशी माझं भांडण नाही. त्या माणसाशी आहे.

माझं दुकान नायगावात. लग्नपत्रिका, बोर्ड, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, सगळं करतो. पण आसपासची गावं मला ओळखतात ती मेलेल्यांच्या फोटोंमुळे. माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं कुणीतरी दुकानात येतं. हातात आधार कार्ड असतं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला फोटो, ज्यात गेलेला माणूस मागच्या रांगेत अर्धा दिसतो. तेवढ्यावरून मी चेहरा काढतो. खांद्यावर आलेला दुसऱ्याचा हात पुसतो, टोपी सरळ करतो, मागं निळं आभाळ टाकतो. तेरवीच्या आत फ्रेम घरी जाते. कित्येक म्हाताऱ्यांचा जन्मातला एकच धड फोटो माझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये होता. लोकांना मी सांगायचो, बाबांनो, पेनड्राइव्हमध्ये एक प्रत घेऊन जा. ते म्हणायचे, "तुमच्यापाशी हाय की, दादा." मलाही ते बरं वाटायचं.

माझे वडील बैलबाजारात दलाली करायचे. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव करायचा, आणि शेजारच्याला कळू द्यायचा नाही, हे मी लहानपणी त्यांच्या बाजूला उभा राहून शिकलो. शाळेत फार काही शिकलो नाही. दुकान उभं केलं ते या एका विद्येवर. नांदेडचे दुकानदार मला ओळखून होते. मी पायरी चढलो की ते आधीच भाव चढवून सांगत, कारण मी तो पाडणार हे त्यांना ठाऊक. म्हणून चार वर्षांपूर्वी नवा कॉम्प्युटर घ्यायला मी लातूर गाठलं.

त्या दुकानातून मी तीनदा उठलो. तिसऱ्यांदा तर रस्त्यावर पोचलो होतो. त्यानं हाक मारून परत बसवलं, चहा मागवला, आणि शेवटी मी सांगितलेल्या भावावर आला. मी म्हणालो, "सप्लाय मात्र कंपनीचाच पाहिजे. आमच्याकडं लाइट कशी येती-जाती, ठावं हाय ना?"

"कंपनीचाच हाय, मालक," तो म्हणाला. "वाचा ना वरचं."

मी वाचलं. बिलावरही त्यानं कंपनीचं नाव लिहिलं, तेही वाचलं. इथं मी चुकलो, हे मी कबूल करतो. बैलाचं तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय माझ्या वडिलांनी कधी सौदा केला नाही. बैलाच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचून कुणी बैल घेत नाही. भाव पाडल्याच्या आनंदात मी डबा नुसता वाचून घेतला.

माझी माय दर बाजाराला गावाहून यायची. भाजी घ्यायच्या आधी दुकानात टेकायची, आणि जाताना न चुकता मागच्या बाजूला जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायची. विजेचा झटका जमिनीत जिरावा म्हणून तो खड्डा असतो, आणि त्यातली माती ओली राहावी लागते. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही, खड्ड्याला कोण घालणार? मी एकदा तिला हे काम सांगितलं, तेव्हापासून तिनं ते तुळशीला पाणी घालावं तसं धरलं. ओतताना दर वेळी विचारायची, "ह्याच्यातून काय उगवणार हाय रे?"

अशाच एका बाजाराला कुठल्याशा फॉर्मसाठी तिचा फोटो काढायचा होता. निळ्या कापडापुढं स्टुलावर बसवली.

"हसू नको, माय. फॉर्मला लावायचाय."

"फॉर्मला काय रडकी बाई लागती व्हय?" असं म्हणाली आणि हसलीच. पुढचे दोन दात नव्हते. पदर डोक्यावरून थोडा मागं सरकला होता. मी कॅमेऱ्याचं बटण दाबून बसलो होतो.

फॉर्मसाठी दुसरा काढला, तो फॉर्मबरोबर गेला. पहिला कॅमेऱ्यातून काढून कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिला. तिनं पडद्यावर पाहिला, नाकाला पदर लावला.

"कशाला ठिवलास रे ह्यो?"

"असू दे."

"मेल्यावर लावायला व्हय? लाव. पण माझ्या मागं आभाळ टाकू नको, सगळ्यांच्या मागं टाकतूस तसं. वावर टाक."

मी हो म्हणालो. हसण्यावारी नेलं. इतर फोटोंतही ती होती म्हणा. मोबाइलमध्ये चार-पाच असतील, पण मोबाइल वर केला की ती तोंड फिरवायची, म्हणून सगळ्यांत तिचा कान आणि पदर. आधार कार्डावरचा फोटो तर असा, की पोलिसांनी धरून आणलेली बाई वाटावी.

मागच्या वर्षी तिच्या छातीचं दुखणं निघालं. बाजाराला येणं बंद झालं. यंदाच्या वैशाखात ती गेली.

राख सावडली आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं उघडून आत गेलो. अक्कानं, माझ्या मोठ्या बहिणीनं, फोनवर फैलावर घेतलं. "सुतकात दुकान उघडलंस? मायला जाऊन चार दिस न्हाई झाले!"

"गिऱ्हाईक घेऊन न्हाई राहिलो, अक्का. मायचा फोटू करून राहिलो."

तिचा आवाज उतरला. मग म्हणाली, "त्यो हसरा? दात न्हाईत त्यो?"

"हाव."

"त्योच कर."

मी बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. असं कधीमधी व्हायचं, म्हणून आधी घाबरलो नाही. बोर्डात टेस्टर लावून पाहिला, लाइट होती. केबल बदलली. पिन काढून बटण बराच वेळ दाबून धरलं, आतली उरलीसुरली वीज उतरावी म्हणून. कॉम्प्युटरचा डबा उघडला, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. शेवटी सप्लायचा मोठा प्लग सुटा करून हिरवी आणि काळी तार एका पिनेनं जोडली. सप्लाय जिवंत असेल तर असं केल्यावर त्याचा पंखा फिरतो. फिरला नाही. मी वाकून नाक लावलं. जळक्या वासाला तोटा नव्हता.

तरी मला बरंच वाटलं. सप्लाय गेलाय, तेवढंच. तो नवा मिळतो. फोटो सप्लायमध्ये नसतो, हार्डडिस्कमध्ये असतो.

कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला गेलो. तिथं एक म्हातारे दुरुस्तीवाले आहेत, गल्लीच्या तोंडाशी बसतात. मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं भावावरून भांडत आलोय. त्या दिवशी मी भाव विचारलाच नाही, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"क्या हुआ, मालक? आज भांडण न्हाई?"

मी सांगितलं काय आहे आत. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. माझा सप्लाय सोडवून एका हातात घेतला, स्वतःकडचा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही माझ्यापुढं धरले.

"घ्या. तोलून बघा."

माझा सप्लाय रिकाम्या डब्यासारखा हलका होता. सोयाबीन मुठीत घेऊन किती ओली आहे ते सांगणारा माणूस मी, आणि चार वर्षांत हा डबा एकदाही हातात धरून पाहिला नव्हता. त्यांनी नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसरं स्टिकर होतं, नाव खरवडलेलं. आत उघडून दाखवलं. जिथं तांब्याची दोन मोठी कॉइलं असायला हवीत, तिथं मोकळी जागा.

"अर्थिंग हाय का दुकानात?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"ओली?"

वर्षभर त्या खड्ड्याजवळ कुणी गेलं नव्हतं.

त्यांनी आपला सप्लाय माझ्या मशीनला जोडला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. माझ्या तोंडातून "माय" असा शब्द निघून गेला, आणि त्यांनीही तो ऐकला. मग पडदा काळाच राहिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. हार्डडिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ. त्यांनी हार्डडिस्क काढून कानाला लावली, दुसऱ्या मशीनला लावली, पुन्हा कानाला लावली. आत काही फिरत नव्हतं.

"अर्थिंग कोरडी असली तरी चांगला सप्लाय सोता मरतो," ते म्हणाले, "पन पुढचं जळू देत न्हाई. इमानी असतो. ह्यानं जाता जाता समदं करंट पुढं ढकललं."

त्यांनी ती हैदराबादला एका ओळखीच्याकडं पाठवली. तिथं अशा मेलेल्या डिस्कांमधून फोटो काढून देतात कधी कधी. त्यांनी माझ्याकडून त्याचं काही घेतलं नाही, आणि मीही घ्या म्हणालो नाही.

अक्का रोज विचारायची. "आला का फोटू?" दहाव्याला विचारलं. अकराव्याला विचारलं. बाराव्या दिवशी हैदराबादहून फोन आला, काही निघत नाही.

मग शेजारच्या दुकानातल्या मशीनवर बसून मी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. हजार जणांचे केले तसाच. गालावरची काळी सावली काढली, डोळे थोडे उघडले. ओठांशी हात थांबला. हसू माझ्यानं काढवेना. इतरांच्या मेलेल्यांच्या ओठांना मी कितीदा हसू दिलंय, कुणाची तक्रार नाही. मायचं हसू मला माहीत होतं, म्हणून खोटं करता आलं नाही. मागं आभाळ टाकलं नाही. आमच्या वावरात जाऊन मोबाइलवर फोटो घेतला आणि तो टाकला. वैशाखातलं वावर, नांगरलेलं, काळ्या ढेकळांचं.

तेरवीला अक्कानं फ्रेमला हार घातला. दोन पावलं मागं येऊन बघत राहिली.

"वावर आपलं हाय," ती म्हणाली. "बाई कोन हाय, भाऊ?"

मी बाहेर निघून गेलो.

पुढच्या आठवड्यात जळका सप्लाय पिशवीत टाकला आणि लातूर गाठलं. दुकान तेच, माणूस तोच. मी डबा काउंटरवर आपटला, स्टिकरखालचं स्टिकर दाखवलं, बिल दाखवलं. त्यानं दोन्हींकडं पाहिलं, आणि आधी काय म्हणाला?

"मालक, त्या भावात दुसरं काय येणार? तुम्हीच तर पाडून घेतलं."

हे वाक्य मी अजून चघळतो आहे. ज्यांना मी सांगितलं त्यांतले दोघं-तिघं म्हणाले, खरं आहे त्याचं, तू फार घासाघीस करतोस. करतो. जन्मभर केली आणि पुढंही करणार. पण सौदा म्हणजे काय, हे मला बैलबाजारानं शिकवलंय. रुमालाखाली हात दिला की दोघांनाही हात काढून घेता येतो. "जमत न्हाई, सोड," असं म्हणून वडिलांनी कितीदा हात काढला, आणि समोरच्यानं राग धरला नाही. या भावात हा सप्लाय येत नाही, एवढं तो म्हणाला असता तर मी चौथ्यांदा उठलो असतो, आणि बाहेर उभा राहून, चरफडत, परत आत आलो असतो. कारण मला चांगलाच हवा होता. मी तोंडानं तसं सांगितलं होतं. त्यानं हात काढला नाही. हात माझ्या हातात ठेवला आणि बैल बदलला.

मी हे तिथं बोललो नाही. तिथं मी शिव्या दिल्या. आवाज चढला, रस्त्यावरचे लोक आत डोकावू लागले. त्यानं खालून एक नवा, सीलबंद सप्लाय काढून माझ्यापुढं सरकवला.

"घेऊन जा, मालक. पैसे नको. विषय मिटवा."

मी तो घेतला नाही. तो चिडून म्हणाला, "मग काय पाहिजे तुम्हाला?"

फोटोचं त्याच्यापुढं माझ्या तोंडून निघालं नाही. तसाच उठून आलो. त्यानंतर एकजण दुकानात आला, बायकोच्या फोटोला वाळवी लागली म्हणून दुसरी प्रत मागायला. फोटो राहिला नाही, असं त्याला सांगितलं. तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला, त्याच निळ्या कापडापुढं. असे अजून येतील. प्रत्येकाला मलाच सांगावं लागणार आहे.

आता खड्ड्यात मी रोज सकाळी पाणी ओततो. माझी चूक मी अशी भरून काढतोय, जेवढी भरता येते तेवढी. पण लातूरवाल्या, तुझी चूक कोण भरणार? काय पाहिजे म्हणून विचारलं होतंस, तर ऐक. ते स्टिकर तू स्वतःच्या हातानं लावलंस, की लावून आलेलं माहीत असून मला वाचायला सांगितलंस? दोन्हींतलं एक काहीतरी आहे. नायगावला ये. ज्या बाईला तिची पोरगी ओळखत नाही, तिच्या फ्रेमसमोर उभा राहा, आणि कोणतं ते सांग.