अक्काची मूठ

जनहो, एक अत्यंत गंभीर घोषणा ऐका. बीदरच्या एका दवाखान्यात, लकव्याच्या वॉर्डाच्या दारात, एक बाई माणसांची नाकं तपासत असे. हुद्दा आयाचा, रुबाब किल्लेदाराचा. सगळे तिला अक्का म्हणत.

कुणी आत निघालं की अक्का बंद मूठ त्याच्या नाकाशी धरायची. "काय हाय, सांगा." मुठीत कधी हिंग, कधी कापूर, कधी ओवा. ओळखलं तर आत. नाही ओळखलं, तर नाक चोंदलेलं. "घरला जावा."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आजाऱ्याला भेटायला कुणी एकटं जात नाही, जीप भरून जातात. न गेलेल्याचं नाव पुढच्या तीन लग्नांत निघतं.

माझे मामा तिथे होते. उजवी बाजू गेलेली, वाचा बसलेली. दहाव्या दिवशी ते "चा" म्हणाले तेव्हा मामी रडली, आम्ही टाळ्या वाजवल्या. मामांना चहा हवा होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्याच आठवड्यात मला सर्दी झाली. मूठ हुंगून मी थाटात म्हणालो, "कापूर!"

"लसणाची चटणी हाय, अण्णा."

"साधी सर्दी हाय की अक्का. मामाला भेटू बी नको व्हय?"

"तुमाला साधी. त्यांला धड गिळाय येईना, खोकाय येईना. छातीत उतरली म्हंजे आलेला शब्द बी जाईल."

दुसऱ्या दिवशी कमलनगरकडून जीप आली, अकरा जणांची. दारात अक्का नव्हती. सकाळी तिने स्वतःचीच मूठ हुंगली, वास आला नाही, आणि तिने स्वतःला घरी पाठवून दिलं होतं. मी विजयी सेनापतीसारखं सगळ्यांना आत नेलं आणि मामांच्या उशाशी उभा राहून खणखणीत शिंकलो.

तिसऱ्या दिवशी मामांना ताप आला. मग न्यूमोनिया, मग ऑक्सिजन. "चा" गेला. मामी त्यांच्या ओठांकडे बघत बसायची, मी खिडकीबाहेर.

अक्का बरी होऊन आली. रोज ओल्या कापडाने मामांचे ओठ पुसायची.

आता ती निवृत्त झाली आहे. दारात सॅनिटायझरची बाटली टांगलेली असते, बहुधा रिकामी. कुणीही शिंकत आत जातं.

पण मामांचा ऑक्सिजन काढला तो दिवस मी विसरत नाही. खाटेभोवती आम्ही सगळे, रीतसर नाकं तपासून घेतलेले. अक्काने कमरेवर हात ठेवले. "मी नसताना सर्दी घिऊन कोन आलतं?"

अकरा जण छताकडे बघू लागले. मीही बघितलं, पंखा चांगला होता.

तेवढ्यात मामांचा डावा हात उठला, बोट माझ्यावर स्थिरावलं, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ते बोलले, "ह्यो शिंकला!"