साडूचा माईक

हॅलोकाकांचं पोट दुखायचं, पण ते दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. ते साडूवरून दुखायचं.

हॅलोकाका म्हणजे नगरसभेच्या सभागृहातले माईकवाले. सभेआधी खुर्ची-खुर्चीसमोर जाऊन 'हॅलो, हॅलो' म्हणायचं, मग मागच्या भिंतीतल्या काचेच्या केबिनमध्ये बसून कानांना हेडफोन चढवायचा आणि अध्यक्ष ज्याला बोलायला सांगतील त्याच्या माईकचा आवाज वर करायचा. बाकीच्यांचा खाली. आयुष्य गेलं याच्यात. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना हॅलोकाकाच म्हणत, आणि बायको रागावली की तीही म्हणे.

त्यांच्या लेखी सभासदांना नावं नव्हती, माईकचे नंबर होते. सात नंबर माईक जवळजवळ गिळून बोलत. एकवीस नंबरच्या बाई बोलताना पेन टेबलावर आपटत, ते हेडफोनमध्ये हातोडीसारखं वाजे. त्या सभागृहाचा एक पक्का नियम होता: माईकवर बोललं ते बोललं. माईकशिवाय कोणी बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी सभेच्या नोंदीत त्यातलं अक्षर येत नसे, कारण नोंद लिहिणाऱ्या बाई खालच्या मजल्यावर बसून रेकॉर्डिंग ऐकूनच लिहीत. म्हणजे कोण बोललं आणि कोण नाही, हे शेवटी हॅलोकाकांच्या बोटावर. पण त्या बोटाने कधी लबाडी केली नव्हती. भल्याभल्यांनी डोळे मिचकावून पाहिले, काकांनी दाद दिली नाही.

आता साडूचं सांगतो. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हे स्थळ आणलं कोणी? खुद्द हॅलोकाकांनी. सभागृहाच्या जिन्याला फरशी बसवायला एक शांत, खालमानेने काम करणारा पोरगा आला होता. काकांना आवडला. घरी येऊन म्हणाले, "मुलगा गरीब आहे पण हात सरळ आहे." लग्न झालं. लग्नात तो यांच्या पाया पडला तेव्हा काकांना कोण अभिमान वाटला होता. आपल्यापेक्षा एक पायरी खाली असलेल्या माणसाचं भलं केल्याचा आनंद वेगळाच असतो, आणि तो माणूस त्याच पायरीवर राहील असं आपण उगाच धरून चालतो.

हा राहिला नाही. फरशी बसवता बसवता फरशीचं दुकान काढलं, मग छोटी कंत्राटं, मग मोठी, आणि आता जुन्या दगडखाणीच्या अलीकडे त्याची दुकानांची आणि कचेऱ्यांची तीन मजली इमारत उभी राहत होती. गाडी आली. मेव्हणीच्या बोलण्यात 'आमचा ड्रायव्हर' आला. तिकडे तिच्या घरी नवीन सोफा आला की इकडे काकांच्या घरातली खुर्ची त्यांना बसायला टोचायची. बरं, साडूने नाक वर केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो कसला करतोय. अजून 'दादा, दादा' करायचा, अजून वाकून नमस्कार करायचा. पूर्वी काका त्याला अरे-तुरे करायचे, गाडी आल्यापासून जीभ आपोआप अहो-जाहोवर गेली. तो हसून म्हणायचा, "दादा, मला अहो काय म्हणता?" त्या हसण्याने काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काका राहत खाणीच्या पलीकडे, चढावरच्या वस्तीत. बस खाणीच्या अलीकडेच संपायची. पुढे पायी. काकांचं ठीक होतं, पण बायको रुग्णालयात चादरी-कपड्यांना इस्त्री करायची, दिवसभर उभी. संध्याकाळी तो चढ चढताना तिचा गुडघा असा धरायचा की दोन ठिकाणी कठड्यावर बसावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चढ बंद, नाहीतर गुडघा जाईल. तिने ठरवलं होतं, यंदा बस वर आली तर नोकरी टिकवायची, नाहीतर सोडायची. इतक्या वर्षांची नोकरी सोडायची म्हणताना तिचा चेहरा बघवत नसे.

आणि यंदाच दोन प्रस्ताव एका सभेत आले. एक, खाणीलगतच्या नव्या इमारतींना दहा वर्षं मालमत्ता करात सूट. दुसरा, बसमार्ग खाण ओलांडून वस्तीपर्यंत वाढवायचा. तिजोरीत दोन्हींना पुरेल इतकं नव्हतं.

"सूट द्या," सात नंबर माईक गिळत म्हणाले, "दुकानं येतील. दुकानं आली की पैसा येईल. पैसा आला की बस येईलच."

"आणि गिऱ्हाईक कसं येईल, उडत?" एकवीस नंबरच्या बाईंनी पेन आपटलं. "आधी बस न्या. माणसं आली तर दुकानं चालतील. ओस पडलेल्या दुकानांना सूट देऊन करायचंय काय?"

काका काचेमागे बसून एकवीस नंबरचा आवाज इमानदारीत तेवढाच ठेवत होते जेवढा सात नंबरचा. मनातून मात्र त्या बाईंना ओवाळावंसं वाटत होतं. मग चहाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर नागरिकांची पाळी होती, आणि पहिलंच नाव साडूचं होतं.

साडू कडक इस्त्रीच्या कपड्यांत आला. जो तो हात मिळवायला पुढे. हा सगळ्यांना सोडून सरळ केबिनपाशी आला, दार ढकलून म्हणाला, "दादा, मला बोलायची सवय नाही. माझा आवाज जरा वर ठेवा हं." मागून सात नंबर चहाचा कप घेऊन आले होते. त्यांनी एकदा साडूकडे पाहिलं, एकदा काकांच्या कोपरावर विरलेल्या स्वेटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तुमचे साडू? एकाच घरचे जावई वाटत नाहीत."

बोलणारा बोलून गेला. काकांच्या जिवाची मात्र लाही लाही झाली. म्हणजे आता हा इथे, माझ्या सभागृहात, माझ्या माईकवर उभा राहून स्वतःसाठी सूट मागणार, माझ्या बायकोची बस खाणार, आणि आवाज मीच वर ठेवायचा?

साडू नागरिकांच्या माईकपुढे उभा राहिला. अध्यक्षांनी मान हलवली. काकांनी बोट ठेवलं आणि आवाज वर न्यायच्या ऐवजी खाली ओढला. तळापर्यंत.

हेडफोनमध्ये शांतता पसरली. काचेपलीकडे साडूचे ओठ हलत होते. हात छातीवर ठेवून तो काहीतरी सांगत होता, खिडकीकडे, खाणीच्या दिशेने दाखवत होता. सभागृहात चहानंतरची कुजबुज, खुर्च्यांची सरकासरकी, वर पंख्यांची घरघर. पुढच्या रांगेलाही धड ऐकू जात नसावं. कोणीतरी कानाला हात लावला. अध्यक्षांनी केबिनकडे पाहिलं. काकांनी एक वायर उचलून दाखवली आणि खांदे उडवले. साडूने माईकवर टिचकी मारली, आणखी थोडं बोलला. घंटा झाली. अध्यक्ष म्हणाले, "लेखी द्या." पुढचा माणूस उभा राहिला तेव्हा माईक बरा झालेला होता.

काकांना फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, गार वाटलं.

मतदान झालं. सूट थोडक्या मतांनी मंजूर झाली, पूर्ण दहा वर्षांची. बस पुढच्या आराखड्यात गेली, म्हणजे बासनात. काकांनी मनाशी म्हटलं, नाहीतरी हेच व्हायचं होतं, निदान त्याचं भाषण तरी कोणी ऐकलं नाही.

त्या रविवारी मेव्हणी आणि साडू जेवायला आले. गाडी खाणीपाशी ठेवून चढ चढून आल्यामुळे साडू घामाघूम. पाणी पिऊन म्हणाला, "दादा, तुमच्या माईकने त्या दिवशी घात केला हो."

"जुना झालाय," काका ताटाकडे बघत म्हणाले.

"मी सांगत होतो की मला दहा वर्षांची सूट नकोच. निम्मी द्या. उरलेल्या वर्षांचा कर मी भरतो, तो बसला लावा आणि बस वस्तीपर्यंत न्या. बाकीच्या तिघा इमारतवाल्यांनाही मी तयार केलं होतं. दुकानात काम करणारी माणसं या चढावरूनच येणार ना, मग माझाही फायदाच आहे. आणि ताईंचा गुडघा. लेखी दिलं नंतर, पण मतदान झाल्यावर लेखी कोण वाचतंय."

काकांचा घास तोंडात फिरत राहिला. बायको वाढता वाढता थांबली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि भांडं हळूच खाली ठेवलं. पाहुणे जाईपर्यंत ती हसतखेळत बोलत राहिली. दार लागल्यावर म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमचा माईक कधी बिघडला नाही."

काका पाण्याचे पेले गोळा करू लागले.

"त्याचाच बिघडला?"

"बिघडला नव्हता," काका म्हणाले.

ती ताटं पुसत राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या बहिणीचं सुख तुम्हाला बघवत नाही, हे मला ठाऊक होतं. माझा गुडघा मात्र बघवतो, हे ठाऊक नव्हतं."

तिने आरडाओरडा केला असता तर काकांनीही चार शब्द ऐकवले असते. ती नुसती गुडघ्याला पट्टी बांधून कामाला जात राहिली आणि महिनाअखेर नोकरी सोडायचं साहेबांना सांगून आली. काकांना अन्न गोड लागेना. गंमत बघा, या सगळ्यातही साडूवरचा राग तसूभर कमी झाला नव्हता. उलट वाढला. सूट मागितली असती मेल्याने तर काय बिघडलं असतं? चांगुलपणातही मला मागे टाकायचं याला.

पुढच्या सभेला करसवलतीचे आदेश वाटायचे होते, म्हणून साडू आणि इतर इमारतवाले पुढच्या रांगेत बसले होते. सुरुवातीला अध्यक्ष नेहमीप्रमाणे गुळगुळीत आवाजात म्हणाले, "मागील सभेच्या नोंदीत कोणाची दुरुस्ती? नसल्यास नोंद कायम." या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर दिलेलं काकांनी ऐकलं नव्हतं. केबिनमध्ये एक माईक त्यांचा स्वतःचाही होता, घोषणांसाठी. तो त्यांनी चालू केला.

"हॅलो," ते सवयीने म्हणाले.

सभागृह हसलं.

"दुरुस्ती आहे. नागरिकांच्या माईकमध्ये बिघाड नव्हता. मी आवाज खाली ओढला होता. बोलणारे माझे साडू आहेत. ते बससाठी बोलत होते, ते नोंदीत आलं नाही."

हसणं विरलं. सात नंबरनी माईक नसतानाच विचारलं, "अहो पण का?"

काकांना काचेतून त्यांचे ओठ कळले. "बघवत नाही म्हणून," ते म्हणाले.

मग झाला तो गोंधळ विचारू नका. एकवीस नंबरच्या बाईंनी पेन मोडेपर्यंत आपटून विषय पुन्हा घ्यायला लावला. अध्यक्ष कपाळाला हात लावून म्हणाले, "तुमची चौकशी लागेल. तोवर काम करा, तिथलं बटण दुसऱ्या कोणाला कळत नाही. साडूंना बोलू द्या."

काकांनी साडूचा आवाज वर नेला आणि या वेळी शब्दन् शब्द कानात आला. निम्मी सूट, उरलेला कर, बस, वस्ती. सभागृह चिडीचूप ऐकत होतं. बोलणं संपता संपता साडू केबिनकडे वळला. "आणि दादांवर कोणी रागावू नका. मी याच जिन्यावर फरशी बसवत होतो, तेव्हा यांनी मला घरात घेतलं. त्यांनी माझं काय वाईट केलंय? मनाला लावून घेतात, एवढंच."

सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. त्या टाळ्या हेडफोनमधून काकांच्या डोक्यात घणासारख्या बसत होत्या. माफ केलं त्याने. सगळ्यांदेखत, इतक्या सहज. बोटाला नुसती खाज सुटली होती, एवढंसं खाली ओढलं की संपलं. काकांनी दुसऱ्या हाताने ते बोट धरून ठेवलं आणि टाळ्या थांबेपर्यंत आवाज होता तिथे ठेवला.

बस मंजूर झाली. चौकशीत काकांची केबिन गेली, त्यांना तळमजल्यावर जुन्या वायरी गुंडाळायला बसवलं. बायकोने साहेबांकडे जाऊन आपला राजीनामा परत घेतला.

बस पहिल्यांदा चढ चढली त्या संध्याकाळी दोघं शेजारी बसले होते. पुढच्या बाकावरची दोन माणसं साडूचं गुणगान गात होती: असा माणूस लाखात एक, त्याच्यामुळे बस आली. बायकोने कोपराने ढोसलं. "सांगा की त्यांना, तुम्हीही बोललात म्हणून."

"काय सांगू? आधी त्याचाच आवाज दाबला, हे?"

ते खरंच होतं. तिने पिशवी मांडीवर सावरून घेतली. खिडकीतून साडूची इमारत दिसली, तिन्ही मजल्यांवर दिवे लागलेले. काकांनी मान फिरवली, पण ती अर्धवटच फिरली.

"पोट दुखतंय?" बायकोने विचारलं.

"दुखतंय."

"माझा गुडघा नाही दुखत आज," ती म्हणाली, आणि पाय लांब करून बसली.