मालकांची उघडी मोटार

ती गाडी मी हौसेखातर घेतली, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. आयटीआयमध्ये वीस वर्षं पोरांना इंजिन खोलायला आणि परत जोडायला शिकवून माझं गाड्यांवरचं मन केव्हाच उडालंय. जुन्या गाड्या गोळा करणारे, त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढणारे लोक मला सहन होत नाहीत. मी ती गाडी चिडून घेतली.

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड या बाजारगावाच्या पुढे आमचं गाव. गावात मालकांचं एकच मोठं घर आणि त्या घरी गावातली एकुलती एक मोटार. दोन दारांची, कापडी छताची. छत मागे दुमडून टाकलं की ती पूर्ण उघडी व्हायची. मालकांनी ती खामगावच्या कुण्या जिनिंगवाल्या शेठकडून वापरलेलीच आणली होती, पण गावाला तेवढी पुरे होती. माझे बाबा मालकांकडे सालदार होते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबायचं आणि घरात पडेल ते काम करायचं. बाजाराच्या दिवशी सकाळी विहिरीवरून बादल्या आणून बाबा ती मोटार धूत, पुसून कोरडी करत आणि मग तिला धक्का मारत, कारण बॅटरी कायम बसलेली. एकदा सुरू झाली की मालक थांबत नसत. थांबलं तर बंद पडेल ही भीती. बाबा धुरळ्यात उभे राहत आणि मग मागून धाडपर्यंत पायी जात, कारण बाजारात पिशव्या उचलायला माणूस लागे.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि धाडचा रस्ता वस्तीवरूनच जायचा. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एका बाजाराच्या सकाळी गाडी वस्तीसमोर बंद पडली, तेव्हा मी धावत जाऊन तिच्या दाराला हात लावला. मालक नुसते बघत राहिले. बाबांनी मात्र माझ्या कानाखाली एक ठेवून दिली आणि दारावर उमटलेला माझा हात स्वतःच्या शर्टाच्या बाहीने पुसून काढला. मालक बघत होते म्हणून मला मार पडला, हे मला तेव्हाही कळलं होतं.

चार वर्षांपूर्वी एका मयतीला गावी गेलो. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा आणि मी दहावीपर्यंत एका वर्गात होतो. आता तो घराच्या ओट्यावर बसून आल्यागेल्याला हाका मारतो. त्याच्या गोठ्यात मला ती मोटार दिसली. चारी टायर जमिनीला टेकलेले, छताच्या नुसत्या काड्या उरलेल्या, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"काय पाहून राह्यला बे?" तो म्हणाला. "भंगारवाला बी नेत नाही तिले."

"मी नेतो."

तो मोठ्याने हसला. "ने ना मंग. तुह्या बापानं लय सेवा केली तिची. तुलेच भेटली पायजे."

हे त्याने कौतुकाने म्हटलं, हे जास्त वाईट. शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथे परत केली असती. मी भंगाराच्या भावाने गाडी घेतली, आरसी बुकावर माझं नाव चढवून आणलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून ती बुलडाण्याला माझ्या दारात उतरवली.

बाबा तेव्हा अंगणात बाजेवर बसले होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. ट्रॉलीतून काय उतरतंय ते त्यांनी पाहिलं, बाजेवरून उठले आणि खोलीत निघून गेले. मला वाटलं, भरून आलं असेल. माणसाला आपल्या सोयीचं तेवढंच दिसतं, आणि मी तर त्यात पटाईत आहे.

पुढची दोन वर्षं मी घराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढली. पिस्टन गंजून जाम झाले होते. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून पंधरा-पंधरा दिवस वाट पाहिली, तेव्हा कुठे क्रँक हलला. वायरिंग उंदरांनी फस्त केलेलं. पायाखालचा पत्रा इतका सडलेला, की पहिल्या दिवशी मी आत बसलो तो थेट जमिनीवर उभा राहिलो. तो पत्रा मी कापला, नवा वळवून वेल्डिंग केला, आणि नीट बसला नाही म्हणून परत कापला. नवं छत जीपचे हूड शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतलं. त्याने पहिलं छत चार बोटं आखूड शिवलं आणि वर मलाच म्हणाला, तुमची गाडीच लांब आहे. त्याच्याशी मी भर रस्त्यात भांडलो. बायकोशी तर रोजच भांडत होतो. घरातला मिक्सर तीन महिने बंद होता आणि इंजिन दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो दिसत नव्हता, हे तिचं म्हणणं अगदी खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला जास्त राग यायचा.

शेडपाशी येऊन उभे राहणारे तर विचारूच नका. ज्यांनी जन्मात स्पॅनर हातात धरला नाही, ते मला कार्बोरेटर कसा साफ करायचा ते सांगत. किती खर्च आला, विकणार का, पिक्चरवाल्यांना भाड्याने देणार का. मी कोणाला नीट उत्तर दिलं नाही. मला एकच गोष्ट हवी होती आणि ती मी कोणाजवळ बोललो नव्हतो. बाबांना पुढच्या सीटवर बसवायचं, छत मागे टाकायचं आणि भर दिवसा मालकांच्या ओट्यासमोरून गाडी न्यायची. पहिल्या गिअरमध्ये, हळू, सगळ्यांना नीट दिसेल अशी.

गाडी तयार झाली. निळा रंग मारला, पूर्वी होता तसाच. दर रविवारी अंगणात बादली घेऊन मी ती धुऊ लागलो. बाबांना म्हटलं, चला, एक चक्कर मारू. ते म्हणाले, ऊन लागते. दुसऱ्या खेपेला गुडघे दुखत होते. तिसऱ्यांदा, छत उघडं असलं की कानात वारं जाते. मी छत लावलं, तर म्हणाले, आता जीव घाबरते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, संकोचत असेल, असं मी ठरवून टाकलं आणि संधीची वाट पाहू लागलो.

संधी आपल्या पायांनी चालत आली. एका सकाळी मालकांचा मुलगा फाटक उघडून आत आला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "जय भीम!" दहा वर्षं एका वर्गात बसलो, त्यानंतर शेकडो वेळा भेटलो, हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. काहीतरी काम आहे, हे मी तिथेच ओळखलं. पण माझं लक्ष बाबांकडे गेलं. त्याचा आवाज ऐकताच ते बाजेवरून उठून उभे राहिले होते. माझ्या घरात, माझ्या अंगणात, गुडघे दुखणारा माणूस उभा राहिला होता. आणि तो बाबांना बसा म्हणालाही नाही.

त्याच्या मुलाचं लग्न होतं. लग्न लागण्याआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात दर्शनाला नेतात, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असायचा. आता ज्याला त्याला उघडी गाडी पाहिजे.

"पोरगं म्हणते, आपल्या आज्याच्याच गाडीत परण्या काढू," तो म्हणाला. "आपलीच गाडी आहे, भाड्याची काऊन आणाची?"

आपलीच! आरसी बुक आणून त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं मला. पण माझ्या डोक्यात ती दुसरी गोष्ट चालू झाली होती. अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं असणार. यापेक्षा चांगला दिवस मला कधी मिळणार होता?

"देतो," मी म्हणालो. "पण गाडी मीच चालवीन. अन् पुढच्या सीटवर माहे बाबा बसतीन."

"बसू दे ना! जागाच जागा आहे," असं म्हणून तो चहा न घेताच गेला. त्याला यात काहीच विशेष वाटलं नाही. इतकं सहज कबूल झालेलं मला आवडलं नाही.

फाटक बंद झालं आणि बाबा माझ्यावर उखडले. आयुष्यात त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "मले इचारलं तू? त्यायच्या वरातीत मले मिरवाले नेतं? शोभेचा बैल हाओ का मी?"

"बाबा, तुम्ही गाडीत बसान. ते चालतीन पायी. उलटं आहे ते."

"तुले काही समजत नाही," ते म्हणाले आणि खोलीत गेले. लग्नाच्या दिवशी मी गाडी सुरू करून दारात अर्धा तास थांबलो, हॉर्न वाजवला. ते तोंडावर दुपट्टा ओढून भिंतीकडे वळून झोपले होते. झोपले नव्हते, मला माहीत आहे. तेव्हा मला जाणं रद्द करता आलं असतं. शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं, आणि खरं कारण, की गाडी चालवताना गावाने मला पाहावं, असं मलाही वाटत होतं. मी एकटाच निघालो.

नवरदेव आणि त्याची बहीण मागे, दुमडलेल्या छतावर चढून बसले. आणि पुढच्या सीटवर, मी दोन वर्षं जपलेल्या जागी, मालकांचा मुलगा येऊन बसला. एक हात दाराबाहेर टाकून, अगदी त्याच्या वडिलांसारखा. पुढे डीजे दणाणत होता, पोरं नाचत होती, मी क्लच दाबून-सोडून इंजिन तापू नये एवढंच बघत होतो. दोन्ही बाजूंना म्हातारी माणसं हात दाखवत होती. "मालकाची गाडी आली पाय! केवढी जपली बुवा त्यायनं!" एक, दोन, दहा जणांकडून मी ते ऐकलं. कोणाकोणाला सांगणार? माझ्या शेजारी बसलेला तो प्रत्येकाला मान हलवून दाद देत होता.

देवळाशी सगळे उतरले. मी इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. दर्शन झालं, बायकांनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, चाकापाशी नारळ फोडला. मग नवरदेवाचा एक काका गर्दीतून ओरडला, "ड्रायव्हरले टावेल-टोपी द्या रे!"

परण्यात घोडा असला की घोडेवाल्याला टॉवेल-टोपी देतात. गाडी असली की ड्रायव्हरला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून शंभर परण्यांत मी ते पाहिलं आहे. 'गाडी मीच चालवीन' ही अट मी छाती काढून घातली, तेव्हा तेवढंच नेमकं माझ्या डोक्यात आलं नाही. मालकांचा मुलगा स्वतः ताट घेऊन आला. माझ्या खांद्यावर त्याने टॉवेल टाकला आणि टोपी घालायला हात वर केला. समोरच्याने टोपी घालायला हात वर केला की आपली मान खाली जाते. माझीही गेली.

"मानाचं आहे, राहू दे," तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. ती असती तर मला बरं वाटलं असतं.

मी न जेवता परत निघालो. उन्हं अजून उतरली नव्हती. बाबा अंगणात बसले होते. बॉनेटवरचं कुंकू आणि सीटवरचा टॉवेल त्यांना दिसला असणारच. मी गाडीतून उतरलो तो त्यांच्यावरच तुटून पडलो. तुमच्यासाठी दोन वर्षं मरमर केली. तुम्ही आला असता, त्या सीटवर बसला असता, तर त्याची काय टाप होती मला ड्रायव्हर करायची? तोंडाला येईल ते बोललो. बायको दारात येऊन उभी राहिली, मला थांबवायला लागली, तरी थांबलो नाही. बाबांनी मला पुरतं बोलू दिलं.

"मले त्या गाडीत बसाचं कवाच नव्हतं," मग ते म्हणाले.

"मंग काय पायजे होतं तुमाले?"

"मले ते धुवाची नव्हती." ते माझ्याकडे बघत नव्हते. "अन् तू दर रविवारी माह्या खिडकीखाली बादली घेऊन तेच करतं."

त्यांना काय हवं होतं, हे मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तेही ओरडून.